हीटरची दुसरी दांडी

आबा, फोनवर तुम्ही पहिलं हेच विचारलंत,
भक्तीला गेली होतीस ना?
मी म्हटलं, हो.
नाताळच्या दिवशी खोटं बोलले,
तेही पाळकाशी.

आता खरं सांगते.

ग्रिम्झबीत पंचवीस डिसेंबरला बस नसते.
बंदरावरचा वारा मात्र सुट्टी घेत नाही,
खारट, बाह्यांतून शिरणारा.
सकाळच्या फेरीत पाच घरं, प्रत्येकी वीस मिनिटं:
गोळ्या, चहा, मोजे, डायपर, सही.
शिरताना फोनवर नोंद, निघताना नोंद,
मधल्या वेळाला एजन्सी काळजी म्हणते
आणि मिनिटांवर पगार देते.
अकराची भक्ती गाठायची म्हणून मी धावत होते.
चौथ्या घरी चहासुद्धा उभ्यानेच दिला.

पाचवे मिस्टर हॅडन. वय चौऱ्याऐंशी.
एकेकाळी कॉड धरायला आइसलंडपर्यंत जायचे,
आता खुर्चीपासून खिडकीपर्यंत.
नोव्हेंबरात पहिल्यांदा पाय धुतले त्यांचे,
तेव्हा माझी बोटं लागताच म्हणाले होते,
"पोरी, यापेक्षा मासा ऊन असतो."
मी हसले नव्हते. घाई होती.

त्यानंतर कधीही गेले तरी
हीटर लागलेला, दोन्ही दांड्या लाल.
मला वाटायचं, चला,
एक तरी घर उबदार आहे.

त्या दिवशी वेळेच्या अर्धा तास आधी दार ढकललं.
आत बाहेरच्याहून गार. श्वास दिसत होता.
मिस्टर हॅडन कोट, टोपी, दोन मफलर घालून,
गुडघ्यांवर बोटीवरचं जुनं मेणकापड ओढून,
जणू जहाज अजून सुटायचंय.
हीटर काळा.
चोरी पकडल्यासारखे दचकले,
वाकून बटण चाचपू लागले.

मीटर जिन्याखाली,
पैसे भराल तेवढीच वीज देणारा.
त्यात तीन पौंड चाळीस.
मी ओरडले, आबा. मराठीतून ओरडले:
"अहो, मरायचंय का तुम्हाला?"
शब्द कळले नसतील, सूर कळला.
म्हणाले, "तू यायच्या आधी दहा मिनिटं लावतो.
दिवसभर मला कशाला? मी गार पाण्यातला माणूस.
तुझे हात..."
आणि मग खिडकीकडे बघत बसले.

सहा आठवडे मी ती ऊब त्यांची समजत होते.

कोपऱ्यावरच्या कुर्दी माणसाचं दुकान उघडं होतं.
वीस पौंड भरून आणले. नियमात बसत नाही,
कुणाला सांगू नका.
डब्यातली करंजी दिली त्यांना.
उलटसुलट करून पाहिली, विचारलं, "आत मटण?"
खोबरं म्हटल्यावर जरा हिरमुसले,
पण दोन खाल्ल्या.

तुम्ही दर वर्षी सांगायचात,
उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही.
लहानपणापासून त्या मालकावर माझा राग.
गव्हाण रिकामी कुणी केली, हे मात्र
मी कधी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत.
कुणीतरी बैलाला सरकवलं असेल.
पेंढा उलटून कोरडी बाजू वर केली असेल
आणि नाव न सांगता झोपायला गेलं असेल.
देव बाळ होऊन आला म्हणजे, आबा,
त्याला कुणीतरी गुंडाळावं लागलं.
इतकी वर्षं मी गुंडाळणाऱ्यांत स्वतःला धरत होते.

अकराची घंटा वाजली. खिडकीची काच किंचित थरथरली.
मी पर्स उचलली, पुन्हा ठेवली.
एजन्सीचा फोन वाजला, वाजू दिला.
एक दांडी लाल झाली होती,
दुसरी जुनी आहे, फडफडते, वेळ घेते.
मिस्टर हॅडन खुर्ची सरकवायला बघत होते,
माझ्यासाठी, मेणकापडासकट.
म्हणाले, "थांब जरा.
लागेल तीही."